फटीतलं कोमट पाणी

जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि किती जोराने जातं, हे शोधायचं माझं काम आहे. मुंबईतल्या एका संस्थेत मी बरीच वर्षं हेच करते आहे. त्यासाठी मराठवाड्यात फिरले, विदर्भात उन्हाळे काढले. पण माझ्या स्वतःच्या तालुक्यात, भिवंडीत, कामासाठी जायची पाळी अगदी अलीकडे आली.

दिघाशीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक आदिवासी पाडा आहे. तिथल्या हापशीला होळीनंतर पाणी कमी येतं म्हणून एका योजनेतून नवी बोअर मारायची होती. आधी मारलेल्या दोन बोअर फुकट गेल्या होत्या, म्हणून या वेळी कुणाला तरी वाटलं की खाली खरोखर पाणी कुठल्या भेगेतून वाहतंय ते बघून घ्यावं. आमच्याकडे तेव्हा नवीन मशीन आलं होतं. मी स्वतःहून ते काम मागून घेतलं. माझं माहेर तिथून जवळच, भिवंडीलगतच्या पूर्ण्याचं. तिथे आई होती, दादा-वहिनी होते. काम होईल आणि आईजवळ राहणंही होईल, एवढाच माझा हिशेब होता.

कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काचेचा केसासारखा बारीक धागा असलेली एक केबल आम्ही बोअरमध्ये तळापर्यंत सोडतो. वरून मशीन त्या धाग्यात उजेडाचा ठोका सोडतं. परत येणाऱ्या उजेडावरून प्रत्येक वीतभर अंतरावर तापमान किती आहे ते कळतं. एकाच वेळी वरपासून खालपर्यंत, दिवसरात्र. त्याच केबलमध्ये तांब्याची तारही असते. जनरेटर लावून ती तापवली की सगळी केबल गरम होते. जिथे पाणी थांबलेलं असतं तिथे ती तापत जाते; जिथे पाणी वाहतं तिथे ते पाणी उष्णता घेऊन जातं आणि केबल तापायला कुरकुरते. चुलीवरून उतरवलेलं पातेलं वाऱ्यात ठेवलं तर लवकर निवतं, तसंच. डोळ्यांना न दिसणारा प्रवाह असा उष्णतेवरून सापडतो.

माझ्याबरोबर एक सहकारी होता. तिशीतला, मशीन सांभाळणारा. तो भिवंडी शहरातलाच, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, शिफ्ट करायचे. बोलायचा हिंदी, मध्येच मराठी, आणि भिवंडीचे सगळे रस्ते त्याला पाठ. मशीन तापमान बरोबर दाखवतंय का ते तपासायला केबलचा थोडा भाग बर्फात बुडवून ठेवावा लागतो, तो बर्फ तो रोज मासळी बाजारातून आणायचा. त्यामुळे आमच्या जीपला दोन महिने बोंबलाचा वास होता.

पाड्यावर चालू हापशीच्या शेजारी एक जुनी बोअर पडून होती, दांडा मोडलेली. तिचं झाकण काढून आम्ही केबल आत सोडली. पहिल्या दिवशी बाया लांब उभ्या राहून बघत होत्या. त्यांतली एक, पन्नाशी उलटलेली, पुढे आली आणि तिने विचारलं की हे वायरचं काय चाललंय, पाणी काढणार की आहे तेही घालवणार. मी तिला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली की यात विजेचा झटका बसणार नाही ना, पोरं हात लावतात. मी तिला मावशी म्हणू लागले. पावसाळ्यात भात लावणी, बाकीचे महिने पूर्ण्याच्या एका गोदामात झाडलोट, असं तिचं चालायचं. घरी मुलगा आणि सून. सून दारात बसलेली असायची, सहसा बोलायची नाही. दोघींच्या हातांवर, कोपरापर्यंत, खाजवून खाजवून कातडी जाड झालेली होती. मी विचारलं तर मावशी म्हणाली, "गोदामातली धूल असंल." पण सून तर गोदामात जात नव्हती. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं आणि निघूनही गेलं.

तार तापवायच्या आधी काही दिवस आम्ही नुसतं मोजतो. जमीन जशी आहे तशी बघायची. वर उन्हाची ऊब, खाली खाली जावं तसं एका संथ रेषेत तापमान सरकतं. दुसऱ्या सकाळी लॅपटॉपवर बघितलं तर त्या संथ रेषेत एका ठिकाणी फुगवटा होता. बोअरच्या साधारण मध्यावर, हातभर जाडीचा एक पट्टा, वरच्या-खालच्या पाण्यापेक्षा दीड-दोन अंशांनी गरम. मला आधी वाटलं केबलला पीळ पडलाय. बाहेर काढून पुन्हा सोडली. बर्फ बदलला. दुसरा साधा थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला. पट्टा तिथेच.

मग तार तापवली, आणि त्या पट्ट्याशी केबल सगळ्यांत कमी तापली. म्हणजे तिथे भेग होती, आणि पाणी जोरात वाहत होतं. हापशीलाही तेच पाणी येत होतं. थोडक्यात, पाड्याचं पिण्याचं पाणी ज्या भेगेतून येत होतं, त्याच भेगेतून कोमट पाणी येत होतं.

आम्हा दोघांनाही आनंदच झाला. याच तालुक्यात वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. त्याच पाण्याची एखादी फांदी इकडे आली असेल तर ती मोठी गोष्ट होती. पाड्यावर बातमी पसरली. एका म्हाताऱ्याने बोअरच्या तोंडाशी तांदूळ आणि फूल ठेवलं. त्या संध्याकाळी जेवताना मी दादाला आणि वहिनीला हे उत्साहाने सांगितलं. वहिनी म्हणाली, बरं झालं, आता तिकडेही देऊळ होईल. दादाने भेगेची खोली विचारली, ती किती लांबून येत असेल ते विचारलं, आणि मग तो भात कालवत गप्प बसला. तो एरवी जेवताना फार बोलणारा माणूस आहे.

दादाबद्दल सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी बारावीत होते आणि दादा कशेळीला एका गोदामात सुपरवायझर होता. नातेवाईक माझ्या लग्नाचं बघा म्हणत होते. दादाने सगळ्यांना सांगितलं की ही शिकणार. ठाण्याला कॉलेजात पोचवायला तो मला ड्युटीच्या आधी मोटरसायकलवरून कशेळीच्या पुलापलीकडे सोडायचा. ट्रकांच्या रांगेत अडकलो की स्वतःला उशीर व्हायचा, बोलणी खायचा, पण मला कधी अर्ध्या वाटेत उतरवलं नाही. पुढे पूर्ण्याची आमची भाताची जमीन गोदामांखाली गेली. दिघाशीकडची डोंगरउतारावरची वरकस जमीन तेवढी राहिली. तिथे नाचणी-वरीपलीकडे काही होत नसे. शहरातल्या गर्दीतून हटवलेली एक डाइंगची, कापड रंगवायची शेड काही वर्षांपूर्वी दादाने तिथे भाड्याने येऊ दिली. ही जागा पाड्याच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर आहे. मला ते माहीत होतं. पाड्यावर उभं राहिलं की शेडचा निळा पत्रा दिसायचा. पण शेडसमोरचा ओढा कोरडा आणि स्वच्छ होता; भिवंडीजवळचे नाले कसे रंगीत वाहतात ते मी लहानपणापासून बघितलंय, तसा नव्हता. दादा अभिमानाने म्हणायचा की माझ्या जागेतून एक थेंब ओढ्यात जात नाही.

आम्ही केबल आतच ठेवून मोजत राहिलो. काही आठवड्यांची नोंद जमल्यावर सहकाऱ्याने तो गरम पट्टा काळाबरोबर कसा बदलतो त्याचा आलेख काढला. पट्टा सारखा गरम नव्हता. दर आठवड्याला एकदा तो थोडा निवायचा, मग पुन्हा चढायचा. नेमका, न चुकता, दर रविवारच्या आसपास.

जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून आम्ही दोघं ते बघत होतो. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ये झरा हफ्ते में एक दिन छुट्टी लेता है."

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, डाइंग बंद असतं. हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शुक्रवारचा खंड खडकातून झिरपत आमच्या केबलपर्यंत पोचायला दोन दिवस घेत होता. मी मान वर करून त्या निळ्या पत्र्याकडे बघितलं. वज्रेश्वरीचं पाणी शुक्रवार पाळत नाही.

आम्ही चढ चढून वर गेलो. शेडमध्ये बॉयलर चालू होता, वाफ आणि तो आंबट-तिखट वास. दहा-बाराजण कामाला होते, कमरेपर्यंत उघडे, रंगलेल्या हातांचे. मुकादमाने ओळखलं की मी जागामालकाची बहीण, खुर्ची आणली, चहा मागवला. मी विचारलं की वापरलेलं पाणी कुठे जातं. त्याने काही लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नसावं. शेडच्या मागे नेऊन दाखवलं. एक जाड नळी, आणि ती जमिनीतल्या एका लोखंडी पाइपात उतरलेली. नळीला हात लावला तर चटका बसला.

ती बोअर मी ओळखली. वडिलांनी मारली होती. बोअरचं मशीन आलं तेव्हा आम्ही सगळे बघायला आलो होतो, नारळ फोडला होता, आणि मग दिवसभर त्या भोकातून नुसती करडी भुकटी वर येत राहिली. पाणी लागलं नाही. वडील घरी येऊन जेवले नाहीत. पाणी नव्हतं लागलं, पण खडकातली भेग लागली होती, मोकळी. हे तेव्हा कुणाला कळायचं कारण नव्हतं. आता तीच भेग डाइंगचं पाणी मुकाट्याने गिळत होती आणि खाली पाड्याला देत होती.

परत उतरताना सहकारी एवढंच म्हणाला की त्याच्या वडिलांचे मित्र अशाच शेडमध्ये आयुष्यभर होते आणि त्यांना त्या पाण्यात हात घालायला कुणी सांगितलं तर ते घालायचे, पण प्यायचे नाहीत.

त्या संध्याकाळी मी दादाला ओटीवर गाठलं. वहिनी आत होती, आई टीव्ही लावून बसली होती. मी त्याला सगळं सांगितलं. लॅपटॉप उघडून तो आलेखही दाखवला. त्याने चष्मा लावून नीट बघितला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. म्हणाला, मेलेली बोअर, रिकामा खड्डा. त्यात पाणी सोडलं तर कुणाचं काय जातं असं वाटलं. ओढ्यात सोडलं तर गावाने ओरडायचं, म्हणून शेडवाल्याने विचारलं तेव्हा मीच जागा दाखवली. पाणी खाली कुठे जातं ते कुणाला दिसतंय.

मी म्हटलं, "दादा, आता दिसतंय."

तो उठून ओटीच्या टोकाला गेला. रस्त्यावर कंटेनर उभे होते, एकामागे एक. पाठमोराच म्हणाला, "तूच बोललीस ना बाय, गरम पान्याचा झरा हाय म्हनून. तसंच लिव ना. शेड मी दोन महिन्यांत हलवतो. कुनाला कळायचं पन न्हाय."

झऱ्याचं सांगितलं त्या रात्री जेवताना तो गप्प का झाला होता ते मला तेव्हा समजलं. ऐकूनच त्याला शंका आली होती. आणि त्यानंतरही इतके आठवडे ती नळी चालूच होती. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं की मला तसं लिहिता येणार नाही, आणि उद्या सकाळी मी आधी पाड्यावर सांगणार आहे. तो वळला. माझ्याकडे त्याने असं बघितलं, जसं त्याने कधी बघितलं नव्हतं. राग नव्हता, ओळख नसल्यासारखं. मग तो आत जाऊन आईशेजारी टीव्ही बघत बसला.

सकाळी मी मावशीच्या घरी गेले. ती गोदामाच्या गाडीची वाट बघत तयार होऊन बसली होती. सून चुलीशी होती. मी सांगितलं की हापशीचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका. ते देवीचं पाणी नाही, वरच्या शेडचं आहे. पाण्याचे नमुने तपासायला जातील, टँकर मागवायचा अर्ज मी आजच करते. मावशी ऐकत राहिली. मग तिने विचारलं की हे कधीपासून आहे.

मला बरोबर उत्तर द्यायचं होतं. मी सांगितलं की आम्ही ऊब मोजतो, पण ऊब पाण्याच्या मागून येते. खडक ती वाटेत शोषून घेतो. आधी जवळचा खडक तापतो, मग पुढचा, असं करत ती पहिल्यांदा पोचायला फार काळ लागतो; सगळी वाट तापली की मग दोन दिवस पुरतात. पाणी मात्र पहिल्यापासूनच पुढे निघून जातं.

"म्हंजे पानी आदीच आलं व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"लई आदी?"

"शेड सुरू झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत, असं वाटतं."

सुनेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तोवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "माजं पोर त्या पान्यानं गेलं का?"

मला काही कळेना. मावशीने खालच्या आवाजात सांगितलं. आम्ही केबल घेऊन यायच्या आधी, थंडीत, सातव्या महिन्यात सुनेचं मूल पोटातच गेलं होतं. सरकारी दवाखान्यात अंगात रक्त कमी आहे म्हणाले. मी इतके दिवस त्यांच्या दारावरून ये-जा करत होते, त्यांच्याकडचा कोरा चहा पीत होते. त्याच हापशीच्या पाण्याचा. कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि कशाला सांगतील.

मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते खरं होतं. पाण्यात काय आहे ते अजून तपासायचं होतं. आणि तपासल्यावरही एका मुलाचं कुणी सांगू शकणार नव्हतं. पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला फार जड गेलं. सून थोडा वेळ थांबली, मी आणखी काही बोलेन अशा अपेक्षेने. मग तिने लाकूड पुन्हा आत सारलं.

निघताना मावशी दारापर्यंत आली. म्हणाली, "तुज्या भावाची जागा ना ती." मी मान हलवली. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझे वडील होते तेव्हा ती पूर्ण्याला आमच्या शेतावर लावणीला यायची. मला तिने परकर-पोलक्यात बघितलं होतं. मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली की बोलून काय करायचं होतं, तू पाणी बघायला आली होतीस.

अहवाल मी लिहिला. झरा नाही, असं स्पष्ट लिहिलं, आणि शुक्रवारचा आलेख सोबत जोडला. जागा कुणाची तेही लिहिलं, आणि जागामालक माझा भाऊ आहे हेही, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. वरिष्ठांनी विचारलं की हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं का. मी म्हटलं, मोजणी पुन्हा करून घ्या, हवं तर दुसऱ्या माणसाकडून. पण थांबवू नका. दुसऱ्याने केली. तेच आलं. पाण्याच्या नमुन्यांत क्षार भरपूर निघाले, रंगातली द्रव्यं निघाली, पिण्यायोग्य नाही असा शेरा आला.

पुढचं सगळं संथपणे आणि तरीही एकाएकी झालं. हापशीचा दांडा काढून नेला. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. शेडला सील लागलं त्या दिवशी मी तिथे होते. कामगारांनी आपल्या गाद्या, पातेली, एक पंखा टेम्पोत चढवला. ते बिहारचे होते. कुठे जाणार असं विचारलं तर एकाने खांदे उडवले आणि सुरतेकडे हात केला. शेडमागच्या बोअरमध्ये सिमेंटचं पातळ मिश्रण ओतलं. दादा त्या वेळी आला होता. मिक्सरजवळ उभा राहून तो शेवटपर्यंत बघत राहिला. माझ्याशी बोलला नाही. वडिलांची बोअर बुजताना बघणं आम्हा दोघांच्या वाट्याला असं वेगवेगळं उभं राहून आलं.

त्याच्यावर केस झाली, ती अजून चालू आहे. गावात काहींनी त्याला तोंडावर ऐकवलं, काहींनी मला पाठीमागे. माहेरी जायचं मी थांबवलं नाही, पण मी जायचे तेव्हा दादाला नेमकं काहीतरी काम निघायचं. वहिनी जेवायला वाढायची, विचारपूस करायची, आणि मी निघाले की सुटल्यासारखी दिसायची. एकदा मी आईला विचारलं की तुलाही मी चुकले असं वाटतं का. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यानं केलं ती चूक. तू केलंस ते बरोबर. पन घर एकच व्हतं." मी तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसले.

पाड्यासाठी नवी बोअर झाली. तापवलेल्या केबलने आम्हाला आणखी एक भेग दाखवली होती, बरीच खोल, गार, वरच्या भेगेशी संबंध नसलेली. ती ओढ्याच्या पलीकडच्या अंगाने येत होती. तिथे बोअर मारली, वरचा भाग पाइप घालून पक्का बंद केला, आणि पाणी लागलं. पाण्याचे अहवाल चांगले आले. पण बायांना आता ओढा ओलांडून जावं लागतं. पावसाळ्यात ओढा चढला की दोन-दोन दिवस जाता येत नाही, आणि मग त्या छपराचं पाणी पिंपात धरतात. साकव, म्हणजे छोटा पूल, बांधायचा प्रस्ताव गेला आहे. मावशीच्या हातांची खाज कमी झाली आहे. सून आता नवऱ्याबरोबर कशेळीला एका गोदामाच्या खोलीत राहते. तिला पाड्यावर राहायचं नव्हतं.

हापशीशेजारच्या जुन्या बोअरमध्ये आम्ही दर काही महिन्यांनी केबल सोडतो. गरम पट्टा पहिल्या पावसाळ्यातही गेला नव्हता, दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुसट झाला. ऊब उतरते आहे, पण क्षार तितके उतरत नाहीत. भेगेच्या बाजूच्या बारीक छिद्रांत जे शिरलंय ते हळूहळूच बाहेर येणार. किती वर्षं, असं विचारतात. मी अंदाज सांगते, आणि सांगताना माझा आवाज मला पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात असंच मोजमाप चालू असताना दादा पाड्यावर आला. आधी मोटरसायकलवरच बसून राहिला. मावशी हंडा घेऊन समोरून गेली, तिने त्याच्याकडे बघितलं, थांबली नाही. मग तो उतरून माझ्याजवळ आला. तो बराच म्हातारा दिसायला लागला होता. सहकाऱ्याने त्याला बसायला बर्फाची पेटी पुढे सरकवली.

दादाने विचारलं की ते पाणी पाड्याच्याही खाली गेलं असेल का. मी म्हटलं की गेलं असेल, पण खालच्या अंगाला आमच्याकडे बोअर नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. तो म्हणाला की एक आहे. पाड्याच्या खाली त्याच वरकस जमिनीचा आमचा एक छोटा तुकडा आहे, तिथे त्याने वांगी, मिरची, दुधी लावलेलं असतं. बोअरचं पाणी देतो. ती भाजी घरी येते आणि उरली की शेजारीपाजारी जाते.

"तिथं टाक तुजी वायर," तो म्हणाला. "काय असंल ते मला पन कळू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही केबल तिथे नेली. दादाने स्वतः मोटर वर काढली, दोर धरला, सहकाऱ्याबरोबर केबल सोडायला हात लावला. आठवडाभर नुसती नोंद घेतली, मग तार तापवली. गरम पट्टा कुठे दिसला नाही. पाण्याचा नमुना पाठवला, तोही ठीक आला. मी त्याला फोन करून सांगितलं. तो हं म्हणाला. पुन्हा कधी तपासायचं ते त्याने विचारलं, आणि मी सांगितलं की पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

वहिनीकडून कळलं की त्याने ती भाजी लावणं बंद केलं आहे. रिपोर्ट चांगला आला हे तिने त्याला परत परत सांगून बघितलं. तो ऐकत नाही. त्या तुकड्यात आता नुसतं गवत आहे, आणि भाजी ते भिवंडीच्या बाजारातून आणतात.